पाळीवरची खाच

सर्जनने कापायचं आणि दातांच्या विभागातल्या तंत्रज्ञाने घडवून द्यायचं, अशी त्या हॉस्पिटलातली जुनी वाटणी. दात, टाळू, नाक, जे गेलं ते. हा तरुण आगीतून वाचलेला. एरवी तंत्रज्ञ शाबूत कानावरून दुसरा बेतायचा. याचे दोन्ही गेलेले. म्हणून त्याने दोन्ही कानांचा एक जुना साचा काढला. पाळीवरची खाच बुजवायला हवी होती, पण हात धजला नाही. सिलिकॉनचे कान लावून तरुण बाहेर बाकावर डोळे मिटून बसला. डबा घेऊन आलेली तंत्रज्ञाची बायको त्याच्या मागे थबकली. “अहो, हा कान...” दारात उभ्या नवऱ्याने मान खाली घातली. कॉलेजात असताना त्यांच्या मुलाने हौसेने बापाकडून आपल्या कानांचा साचा करवून घेतला होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती वाकली, त्या कानाशी, मुलाला उठवायची तसंच म्हणाली, “ऊठ रे, उशीर होतोय.” तरुण उभा राहिला.