फुगलेली फळी

"अजून खाली," सुकाणूच्या वल्ह्यावरून अर्जेमिरो ओरडला.

होडी वाऱ्याने आडवी घसरू नये म्हणून मधल्या फटीतून पाण्यात उतरवायच्या फळीवर विसेन्सोने डावा तळहात टेकून अंग टाकलं. फळी बोटभर उतरली आणि अडकली. उजवा हात त्याने शिडाच्या दोरीवर नुसता ठेवला होता, कामात असल्यासारखा. महिनाभर तो हात खांद्याखाली नावापुरताच होता.

"जोर लाव की! माझ्या घरी, तुझ्या बहिणीच्या हातचं खात असतास तर उपाशी म्हटलं असतं. तुझी बायको तर चांगलं रांधते."

"फळी फुगलीय, दाजी."

"कालपण फुगली होती."

"आज जास्त फुगलीय."

अर्जेमिरोने होडीचं नाक वाऱ्यात घातलं. शीड फडफडलं, फळीवरचा पाण्याचा दाब सुटला. एवढी सवलत मिळाली की विसेन्सो एरवी एका धक्क्यात फळी तळाला बसवायचा. आज त्याने गुडघा लावला, मग छाती. तीन दिवसांचं मीठ डोळ्यांत उतरलं होतं. फळी अर्ध्यावरच राहिली. शीड पुन्हा भरलं आणि ब्राझीलच्या सेआरा किनाऱ्यावरचा ऑगस्टचा वारा होडीला खेकड्यासारखा आडवा ढकलू लागला.

किनाऱ्यावरची माणसं मासे मागून मोजायची. आधी बघायची, होडी कुठे लागते ते. होडी वाळूवर ओढून घ्यायच्या आपल्या ओंडक्यांपाशी लागली तर ठीक. घसरत दुसऱ्याच्या दारात लागली, की होडीवर कोणीतरी थकलंय, हा हिशेब बायाबापड्याही करायच्या. थकलेल्याची जागा काजूच्या झाडाखाली, जाळी सांधायला. तिथे चौघे आधीच होते, दिवसभर एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करत. विसेन्सोला पाचवा व्हायचं नव्हतं.

"पुन्हा वाऱ्यात घालू?"

"राहू दे, दाजी."

अर्जेमिरोने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. ती नजर विसेन्सोला शिवीपेक्षा जास्त लागली.

होडी चर्चसमोरून गेली, त्यांच्या ओंडक्यांवरूनही गेली आणि पार पलीकडे बर्फाच्या कोठीसमोर वाळूला लागली.

"काय तांडेल, वाट चुकलात?" मासे घेणारी कार्मोझिना कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे दहा-बारा जण हसले. "आणि विसेन्सो, तू का रे असा एका हाताचा?"

विसेन्सो काही बोलायच्या आत अर्जेमिरोने त्याला बाजूला सारलं. दोन्ही हातांनी फळी धरली आणि दात-ओठ खात, नको इतकं कण्हत उपसून वाळूवर टाकली.

"हिला विचार! फुगून टम्म झालीय. दोघं लटकलो तरी हलेना. रंधा आणा कोणीतरी!"

बारा वर्षांचं लाकूड. फुगणं ते कधीच विसरलं होतं. अर्जेमिरो वाळूत गुडघे टेकून रंधा मारत राहिला, फळीच्या सात पिढ्या उद्धारत, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मासे टोपलीत तसेच पडून होते. विसेन्सो उजवा हात डाव्याने धरून उभा होता.

पहिले दोन-चार छिलके ओले निघाले. नंतरचे वाऱ्यावर उडायला लागले. एक कार्मोझिनाच्या पायाशी आला. तिने तो उचलून बोटांत चुरला. कडकडीत कोरडा होता. तिने अर्जेमिरोकडे पाहिलं, मग विसेन्सोकडे.

"फारच फुगलीय हो," मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली आणि मासे बघायला वाकली.