अकरा वर्षं पंचेचाळीसवर

तीन तुकडे जोडले आणि फ्रेम पूर्ण झाली. अडचण एवढीच, की फ्रेम षटकोनी करायची होती.

धाकट्याने उरलेले तीन तुकडे कुठे बसतात का ते फिरवून फिरवून पाहिलं. कुठेच बसेनात. टेबलावर एक घट्ट, कुठेही फट नसलेला त्रिकोण पडला होता. त्रिकोण म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. पार्लरवाल्या बाईंचा सहा कोपऱ्यांचा आरसा भिंतीला टेकून उभा होता आणि त्यात धाकट्याचं तोंड दिसत होतं. पाच वाजता माणूस आरसा न्यायला येणार होता.

काय चुकलं, हे या दुकानात अकरा वर्षांपूर्वीच कुणीतरी ओरडून सांगितलं होतं.

तेव्हा दुकान एकच होतं. असंच षटकोनी काम आलं. दादा म्हणाला, आरीचा काटा तीसवर लाव. धाकटा म्हणाला, साठवर. षटकोनाचा कोपरा एकशेवीस अंशांचा, दोन तुकड्यांत निम्मा निम्मा, म्हणजे साठ. दादाला कारण सांगता येईना. तो नुसता "तीस, तीस" करत राहिला. गोष्ट अंशांवरून अकलेवर आली, अकलेवरून बाबांनी कुणाला जास्त लाडावलं यावर गेली. गिऱ्हाईक आपलं चित्र काखोटीला मारून केव्हाच सटकलं होतं. आठवड्याभरात दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि दोन्ही दारांवर 'मूळ दुकान' अशी पाटी लागली.

तेव्हापासून दोघांनी चौकोनी कामंच घेतली. काटा पंचेचाळीसवर, चार कोपरे, विषय संपला. पलीकडची आरी, पलीकडचा खोकला, सगळं ऐकू यायचं. बोलणं तेवढं नव्हतं.

धाकट्याने कोनमापक शोधून काढला आणि तुकड्याच्या टोकावर ठेवला. तीस! काटा साठवर होता आणि टोक तीसचं निघालं होतं.

तो आरीपुढे उकिडवा बसला. आरी फ्रेमच्या लाकडी पट्टीला काटकोनात उभी असली, की काटा शून्यावर. म्हणजे आकडा पट्टीपासून मोजलेलाच नव्हता. आरी काटकोनातून किती कलली, तेवढंच तो सांगत होता. काट्याने नव्वदातले साठ खाल्ले, टोकाच्या वाट्याला तीस उरले. टोक साठचं हवं, तर काट्याने तीसवर भागवायचं.

टोक साठचंच हवं होतं. त्यात धाकट्याचं काही चुकलं नव्हतं. पण काटा तीसवरच हवा होता. आणि पंचेचाळीसवर काट्याला आणि टोकाला सारखाच वाटा येतो, म्हणून अकरा वर्षं कुणाचंच पितळ उघडं पडलं नव्हतं.

त्याने काटा तीसवर आणला. नवी पट्टी घेतली, सहा तुकडे कापले. फ्रेम आरशाभोवती अशी बसली, जणू आरसा तिच्यासकटच जन्माला आला होता. आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. त्रिकोण भंगारात गेला असता, पाटी दारावर राहिली असती. धाकटा पाणी प्यायला. आरसा पुसला. परत पुसला. तिसऱ्यांदा पुसायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने जाऊन प्लायवूडवर टकटक केली.

"दादा, ऐकतोयस ना? तीसच. तू बरोबर होतास."

पलीकडची आरी थांबली.

"गाढवा, हे सकाळी नाही सांगायचं?" दादा म्हणाला. "बाईंनी दुसरा आरसा माझ्याकडे दिलाय. म्हटलं अकरा वर्षं झाली, एकदा तुझं ऐकून बघावं, म्हणून काटा साठवर लावला. पट्टी उरलीये का तुझ्याकडे?"