नाव घेण्याच्या अटीवर

भोरच्या वाचनालयात आप्पा काटदऱ्यांची शोकसभा भरली होती. त्यांचा मुलगा हेरंब पुण्यातला नावाजलेला पॉडकास्टर. येताना गाडीतच त्याने फोनकडून भाषण लिहून घेतलं होतं.

“आप्पा भरवून घ्यायला लाजायचे,” तो वाचू लागला, “म्हणून मी दिवा मालवून त्यांना भरवत असे.”

लगेच ध्वनिक्षेपक बोलला, “हे वाक्य वैजयंती काटदरे यांच्या ब्लॉगवरून. वापर सर्वांना खुला, नाव घेण्याच्या अटीवर.”

त्यात नवल काही नव्हतं. लग्नात, शोकसभेत सगळेच खुली वाक्यं वापरत आणि ध्वनिक्षेपक मूळ लेखकाचं नाव आपोआप सांगत असे. पण हे नाव ऐकताच माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे हेरंबची धाकटी बहीण बसली होती. चार वर्षं आप्पांचं सगळं तिनेच केलं होतं. ती लिहिते, हे हेरंबला ठाऊकच नव्हतं.

त्याची कानशिलं तापली. “वैजू, मला खरंच माहीत नव्हतं गं.”

“वाच की दादा,” ती शांतपणे म्हणाली. “सगळ्यांसाठीच खुलं ठेवलंय मी.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. हेरंबने फोन खिशात टाकला.

“चार वर्षांत मी दोनदा आलो,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा जेवून लगेच निघालो.”

आणि माईक वैजूच्या हाती देऊन तो मागे सतरंजीवर जाऊन बसला.