आखणी

पहिल्या नंबरची लाल रिबन लागली, पण दिशाचं लक्ष दाराकडेच होतं. बाबा अजून आले नव्हते.

पेणच्या शाळेतल्या त्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर तिचा शाडूचा गणपती बसला होता. वीतभर उंचीचा, मांडी घातलेला. पितांबराच्या चुण्या अशा पडलेल्या की वर्गातल्या पूजानं कापड समजून खरंच बोट लावून बघितलं. सगळं झालं होतं, फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. "अर्धवट मूर्तीला पहिला नंबर? कमाल हाय!" दहावीची पोरं कुजबुजत होती. कुजबुजेनात का! चित्रकलेच्या बाईंनी परीक्षकांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

हमरापूरला दिशाच्या घरचा गणपतीचा कारखाना. तिथली रीतच तशी होती. शिकणाऱ्यानं पहिला गणपती घडवावा, रंगवावा, पण डोळ्यांना हात लावू नये. डोळ्यांची आखणी घरातल्या जाणत्या हातानं करायची. त्यानं डोळे आखले, हात लांब करून मूर्ती न्याहाळली आणि "बघतोय" म्हटलं, की शिकणारा कारागीर झाला. चुलतभाऊ जितेश तसाच झाला होता. आणि जाणता हात म्हणजे गुणाजी, दिशाचे बाबा. त्यांनी आखलेला गणपती खोलीत कुठंही उभं राहा, आपल्याकडेच बघतो, असं गिऱ्हाईक म्हणायचं.

पण यंदा बाबांचं काय बिनसलं होतं कुणास ठाऊक. पावसाळ्याआधीच त्यांनी आखणी सोडली आणि जितेशच्या गळ्यात घातली. म्हणे कंटाळा आला. कंटाळा! ब्रश हातात असला की ज्या माणसाला जेवणाचीही शुद्ध नसायची, त्याला म्हणे कंटाळा! आता ते दिवसभर माती मळायचे, साच्यातून मूर्ती काढायचे. सुकायला ठेवलेल्या मूर्तींच्या फळीला पाय लागला की घर डोक्यावर घ्यायचे, "कुणी ठेवली ही वाटेत?" फळी तर वर्षानुवर्षं तिथंच असायची.

दिशा चित्र घेऊन गेली की कागद हातात धरायचे, "बरं हाय" म्हणायचे आणि परत द्यायचे. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "नीट बघा तरी, बाबा!" तर उठून बाहेरच गेले. आईनं उलट तिलाच दटावलं, "त्यांच्या मागं लागू नको गो." तेव्हापासून दिशाच्या मनानं घेतलं, की आपण मुलगी, म्हणून बाबा आपल्याला शिकाऊसुद्धा धरत नाहीत. या विचारानं ती आतल्या आत झुरत होती.

म्हणून तर हा गणपती तिनं घरी कुणाला दाखवलाच नव्हता. शाळेतच घडवला, बाईंच्या खोलीत बसून. घरी विचारलं तर बाबा नाही म्हणतील. इथं सगळ्यांसमोर हातात ब्रश दिला तर कसं नाही म्हणतील? बाबांचा बारीक ब्रश तिनं माळ्यावरून शोधून कंपासपेटीत आणला होता. काळा रंगही कालवून ठेवला होता.

आले एकदाचे! आईचा हात धरून आले. उभ्या जन्मात बाबांनी चारचौघांत आईचा हात धरला नव्हता. पोरी फिदीफिदी हसल्या. दिशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आनंद त्याहून मोठा होता. ती मूर्ती उचलून त्यांच्याकडे धावत गेली.

"बाबा, पहिला नंबर आला माझ्या गणपतीचा!"

"व्हय? आन बघू."

तिनं मूर्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तळव्यावर तोलली. अंगठा सोंडेच्या वळणावरून फिरला, पोटावरून खाली उतरला आणि पितांबराच्या चुण्यांवर थांबला. बाबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. किती महिन्यांनी ती ते हसू बघत होती! चेहऱ्याला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. आखलेल्या डोळ्यांना कारागीर कधी बोट लावत नाही.

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. दिशानं कंपासपेटी उघडून ब्रश काढला.

ती काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हात लांब करून मूर्ती समोर धरली.

"बघतोय गो," ते म्हणाले. "माझ्याकडंच बघतोय. डोळं कुणी आखलं? जितेशनं?"

कुणी हसलं नाही. दहावीची पोरंसुद्धा खाली बघायला लागली. दिशानं आईकडे बघितलं. बाबांच्या मागं उभ्या असलेल्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती मान हलवून नको, नको म्हणत होती. वाटेतली फळी, परत दिलेले कागद, आईचा धरलेला हात, सगळं एकदम दिशाच्या अंगावर आलं.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "मीच आखले. तुमच्यासारखेच."

आणि झाकणाचा आवाज होऊ न देता तिनं ब्रश कंपासपेटीत परत ठेवून दिला.