ठकीचं भांडं

भांड्यात आजही तोच रंग होता. आईने ते खिडकीशी नेऊन तिरकं करून पाहिलं. ती लाँड्रीत डाग काढायचं काम करायची. चहा, बीट, औषध, सगळं तिच्या नजरेखालून गेलेलं. हे रक्त होतं.

"ठकी, शू करताना दुखतं का गं?"

"नाही," म्हणत ठकी आबांच्या मांडीत शिरली.

"दुखतंय कसलं? शहाणी झालीय ती आता," आबा म्हणाले. "उठली की भांड्यात! डायपर विसरा म्हणावं." मोतीबिंदूमुळे आबांना चहात साय पडलीय की माशी, तेही दिसत नसे. पण नातीचं कौतुक करायला डोळे कशाला लागतात?

आईने कशाबशा टाळ्या वाजवल्या. भांडं भरलं की टाळ्या, असा घरात नेमच होता. डायपरवाली मुलं घेणार नाही, असं बालवाडीने तोंडावर सांगितलं होतं. परवापरवापर्यंत याच भांड्यावरून आई ओरडायची आणि ठकी भोकाड पसरायची.

रात्रीच्या डायपरमध्ये मात्र रंग दिसत नव्हता. शोषला जात असेल, अशी आईने मनाची समजूत घातली.

"आबांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस," स्वयंपाकघरात नवरा हळूच म्हणाला. "त्यांचा सगळा जीव हिच्यात आहे. हाय खातील."

लस टोचायची आहे, अशी आबांना थाप मारून दोघं ठकीला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे ठकी कपात एक थेंब करेना. शेवटी नर्सने लहान मुलांची पिशवी चिकटवली. ती भरेपर्यंत आईने सगळे देव पाण्यात घातले.

"काही नाही हो," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "रक्त नाही, जंतू नाहीत. सोनोग्राफीही छान आहे."

"पण मी रोज बघतेय ना!"

"मग पुन्हा दिसलं तर तेच बाटलीत भरून आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाटली घेऊन भांड्यापाशी गेली. आज रंग गडद होता आणि तळाशी काळसर गाठीही होत्या. आबा आंघोळीला गेले होते. तिने ठकीला जवळ ओढलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे ऐकेनात.

"खरं सांग राणी. मी मुळीच रागावणार नाही. शू करताना काय होतं तुला?"

ठकीने न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिलं. मग आपल्या फ्रॉकने आईचे डोळे पुसले.

"रडू नको ना आई. ही माझी नाहीये. मला भांड्यात येत नाही, म्हणून आबा करून ठेवतात."