डागांच्या बाटल्या

"जास्त शिकलेली माणसं मला नकोत," लॉन्ड्रीच्या मालकाने आधीच बजावलं होतं. "जरा बरं काही मिळालं की चालू लागतात." तिने दहावी पास सांगितलं आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली.

तोंड गप्प ठेवणं तिला जमलं, हातांना जमेना. डाग काढायच्या ब्लीचची आणि ॲसिडची बाटली झाडलोट करणारा रोज फळीवर गळ्यात गळे घालून ठेवायचा. सकाळी आल्या आल्या, कुणाचं लक्ष नाही बघून, ती ॲसिडची बाटली खालच्या फळीवर ठेवायची.

आज मागून आवाज आला, "राहू दे की वरच. काय बिघडतंय?"

चादरींच्या घड्या घालणारे मामा. इथले सगळ्यात जुने.

"दोन्ही सांडून एकत्र झालं तर विषारी वायू..." ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "म्हणजे, वास फार येतो ना, मामा."

मामांनी चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली, दोन स्वतः धरली.

"मालकांना सांगाल?" तिने हळूच विचारलं.

घडी घालत, टोकाला टोक जुळवत मामा जवळ आले.

"इतकी वर्षं ती बाटली रोज मीच खाली ठेवायचो," ते म्हणाले. "हल्ली मी येतो तर ती आधीच खाली असते. तू कितवी सांगितलीस?"

"दहावी."

"मी सातवी." त्यांनी चादर तिच्या हातातून अलगद घेतली. "डबा खायला माझ्याजवळ बस. या विषयावर बोलायला माणूस मिळून जमाना झाला."