चौथ्या प्रकरणातली चूक

"बाई, साखर जरा कमी आहे," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले आणि कप पुढे करून पुन्हा गप्पांकडे वळले.

तिने चमचाभर साखर घातली, ढवळली, कप परत दिला. घेताना त्यांनी वर पाहिलं नाही. ही बाई म्हणजेच आजची उमेदवार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं असंही नाही. सुचलं नाही, इतकंच. विभागाचा शिपाई निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि ती तासिकांवर शिकवायला लागली त्यालाही अकराच. शिपायाची जागा भरली गेली नाही. तिचीही नाही. पण सभांना चहा वेळेवर मिळत गेला, त्यामुळे दोन्ही जागांची निकड कुणाला भासली नाही.

अकरा वाजता सभागृहात तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. पदवी हातात पडली की कायम जागेसाठी अर्ज करता येणार होता. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. दहावीतली लेक सकाळी म्हणाली होती, "आई, तुझी परीक्षा माझ्याआधी उरकून घे. एका घरात दोघी-दोघी टांगणीला बऱ्या दिसत नाहीत." असं म्हणाली तरी शाळा बुडवून, बापाला घेऊन ती सभागृहात येऊन बसणार होती.

"देऊन टाका हो पदवी," विभागप्रमुख बिस्किट बुडवत म्हणाले. "बिचारी अकरा वर्षं घासतेय."

"मग जागा तिलाच?" परीक्षकांनी विचारलं.

"छे. जागेचं कधीच ठरलंय. संस्थेच्या अध्यक्षांचे भाचेजावई येताहेत. जाहिरात त्यांच्या मापानं शिवून घेतलीय."

"मग तिला पदवी तरी कशाला?"

"गप्प बसेल. आणखी पाच-सात वर्षं तासिका घेत राहील. तिच्याइतक्या तासिका दुसरं कोण घेतंय?"

तिघे हसले. तिसरे म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांनी पाहुण्यांना विचारलं, "प्रबंध कसा वाटला?"

"गाडीत वाचणार होतो, डोळा लागला. प्रस्तावना मात्र झकास आहे."

"ती माझीच म्हणायची," मार्गदर्शक नम्रपणे म्हणाले.

प्रस्तावनाही तिचीच होती. तिने किटली उचलली आणि त्यांचा कप भरला. ती गेल्यावर बोलू, असं तिघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं. ती जायची त्यांना वाटच पाहावी लागत नव्हती.

प्रबंध दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कादंबरीकार बाईंच्या वास्तववादावर होता. या बाई घरातल्या बैठकीच्या खोलीत बसून लिहायच्या. लग्नं, भेटीगाठी, कोण कुणाशेजारी बसलं आणि कुणी कुणाला टाळलं, एवढ्यावर त्यांनी माणसं सोलून ठेवली. पण नुसते पुरुषच एका खोलीत बोलत बसलेत, असा प्रसंग त्यांच्या लेखनात जवळजवळ सापडत नाही. का, याचं उत्तर तिने चौथ्या प्रकरणात दिलं होतं: 'लेखिकेने ते लिहिलं नाही, कारण तिने ते कधी ऐकलं नाही. न ऐकलेलं न लिहिणं, हाच तिच्या वास्तववादाचा कणा.' या दोन ओळींना सात महिने लागले होते. मार्गदर्शकांनी त्यात एक स्वल्पविराम सुचवला होता. तो तिने घातला आणि प्रबंधाच्या सुरुवातीला त्यांचे आभारही मानले.

सभागृहात परीक्षक दुसरा कप हातात घेऊनच आले. मंचावर उभ्या असलेल्या तिच्याकडे त्यांनी, कुठेतरी पाहिलंय असं वाटणाऱ्या माणसासारखं, क्षणभर पाहिलं. मग मार्गदर्शकांनी खूण घालून ठेवलेलं पान उघडलं आणि त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या.

"म्हणजे, पुरुष आपापसात काय बोलतात हे या लेखिकेला ठाऊकच नव्हतं. हाच तुमचा निष्कर्ष?"

नुसतं 'हो सर' म्हटलं की काम होणार होतं. पदवी, टाळ्या, गटाचा फोटो, आणि सोमवारपासून पुन्हा तासिका. तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. लेक पाठ ताठ करून बसली होती. नवऱ्याने फोटोसाठी मोबाइल आत्ताच वर धरला होता.

"होता सर," ती म्हणाली. "आज सकाळी दहापर्यंत होता."

सभागृहात हसू पसरलं. परीक्षकही हसले. "आणि आता?"

"आता वाटतं, तिने सगळं ऐकलं असणार. ती त्याच खोलीत होती. लोक तिच्यादेखत बोलत होते, कारण ती आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. तिने ते लिहिलं असतं, तर तेच लोक म्हणाले असते, बाईने मनचं रचलंय."

विभागप्रमुख छताच्या पंख्याची पाती मोजू लागले. मार्गदर्शकांना अचानक खोकला आला. पाहुण्यांना मात्र उत्तर आवडलेलं दिसलं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"कल्पना छान आहे. पण संशोधनात नुसत्या कल्पनेवर भागत नाही. आधार लागतो. तुमच्याकडे काय आधार आहे?"

"तो आपल्या हातातच आहे सर," ती म्हणाली. "साखर आता पुरेशी झाली ना?"